काढा तुम्हीच उकळायचा

बायको गेल्यापासून मी घरात बोलणंच सोडलं, म्हणून सून मला इथं परदेशात, हाउन्सलोच्या एका चिनी औषधवालीकडे घेऊन गेली. बाई माझ्याच वयाची. मनगट धरलं ते सोडेचना. मग जीभ बघितली. म्हणाली, "दुःख फुप्फुसात बसतं."

"बसू दे. मी तरी दुसरं काय करतो?"

हसलीसुद्धा नाही. सालीमुळ्यांची पुडी बांधली.

"सून उकळेल," मी म्हटलं.

"नाही, तुम्हीच. अर्धा तास, शेजारी उभं राहून."

नुसती कटकट. घरी येऊन गॅसपाशी उभा राहिलो. वास गटारासारखा. अर्धा तास त्या औषधवालीच्या नावानं मोठमोठ्यानं खडे फोडले. सून धावत आली. "बाबा, कुणाशी बोलताय?"

म्हटलं, "तुझ्या सासूशी."