एका बाहीचा स्वेटर

एका हाताच्या माणसासाठी स्वेटर विणायचा तर बाह्या किती ठेवायच्या, यावरून आमच्या आळीत दोन तट पडले होते.

बांगलादेशच्या लढाईला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. त्या लढाईत एक हात गमावलेले नाईक सर्जेराव परदेशातल्या अपंगांच्या स्पर्धेत भालाफेकीचं पदक जिंकून आले, आणि कराडजवळच्या आमच्या गावात त्यांचा सत्कार ठरला. आमचे मामंजी (म्हणजे सासरे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त, घरात अजून जनरल!) पेपरातला फोटो नाचवत म्हणाले, "एका हातानं भाला फेकला गड्यानं! एका हातानं!"

"मामंजी, भाला एकाच हातानं फेकतात," मी म्हणाले.

सांगलीची सून लय बोलती, हे सासूबाईंनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं.

शिक्षा लगेच झाली. "हार वाळत्यात, नारळ फुटत्यात," मामंजींनी हुकूम सोडला. "परत्येक घरानं थोडी थोडी लोकर द्यायची. सूनबाई स्वेटर विणंल. तिला येतंय विणकाम. बघायला गेलो तवा तिच्या वडलांनीच सांगितलंय!"

सांगितलं होतं, हे खरं. (मला उकडीचे मोदक आणि पेटी वाजवणंही येतं, असंही सांगितलं होतं!)

दानधर्मासाठी आळीनं हात सैल सोडला. म्हणजे घरात जे कुणालाच नको होतं, ते दिलं. पोपटी लोकर आली, गुलाबी आली, कुणाच्या तरी आजोबांची उसवलेली कानटोपी आली. एकीनं तर मांजरानं खेळलेला गुंडा मांजराच्या केसांसकट दिला! आणि देताना प्रत्येकजण म्हणे, "बिचाऱ्याला तेवढीच ऊब!" बिचारा! ज्याचा भाला आमच्या अख्ख्या आळीवरून पलीकडे जाऊन पडला असता, तो बिचारा. आणि दारापासून एसटीपर्यंत जाताना धापा टाकणारे आम्ही दाते!

मग बाहीचा प्रश्न. "दोन केल्या तर एक लोंबकळंल. त्येला वाईट वाटंल," सासूबाई म्हणाल्या. बरं, एकच. पण कुठली? मामंजींनी फोटो भिंतीला टेकवला आणि त्याच्यासमोर ताठ उभे राहिले.

"भाला हिकडच्या हातात हाय. हिकडं म्हंजी डावं. डावी बाही!"

"आवं, पण त्यो आपल्याकडं तोंड करून उभा हाय न्हवं?" सासूबाई म्हणाल्या.

"पलटणीत जवानांना डावं-उजवं मी शिकवलंय. तू मला शिकवतीस?"

डावी बाही विणली. छातीवर लाल अक्षरांत 'शाब्बास' काढलं.

सत्काराच्या दिवशी ऊन नुसतं पेटलं होतं. नाईक सर्जेराव शाळेच्या पटांगणात जीपमधून टुणकन उतरले आणि मी आधी त्यांचे हात पाहिले. उजवा हात धडधाकट होता! दंडापासून तुटला होता तो डावा. मी मामंजींकडे पाहिलं. मामंजी आभाळाकडे बघत होते.

"मागचं म्होरं करून घालायला सांगू," ते पुटपुटले. म्हणजे 'शाब्बास' पाठीवर!

सर्जेरावांनी स्वेटर हातात घेतला, बाही चाचपली. "कुणी विणलं हे?"

अख्ख्या आळीनं मला पुढे ढकललं. (लोकर सगळ्यांची, गुन्हा एकटीचा!)

"वहिनी," ते म्हणाले, "लोक हार घालत्यात आन् मोकळं हुत्यात. थंडी ह्या तुटल्या दंडालाच लय वाजती, हे कुणाच्या ध्येनात येत न्हाई. तुमी नेमका त्योच झाकलासा. आन् फेकायचा हात मोकळा सोडलासा!"

टाळ्यांचा कडकडाट! मामंजी ताबडतोब आभाळातून खाली उतरले. "मीच सांगितलं व्हतं तिला, डावी बाही कर म्हणून!"

मी काय करणार? मान खाली घालून विनयानं हसले.

सर्जेरावांनी तिथल्या तिथं स्वेटर अंगात चढवला. तशा उन्हात सगळी भाषणं ऐकली, मुलांना भाला फेकून दाखवला, चहा प्याले, घामानं निथळले, पण स्वेटर काही उतरवला नाही. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बघ गं, किती जीव जडलाय! काढवंना झालंय त्येला!"

जीपमध्ये बसण्याआधी सर्जेराव माझ्याजवळ आले. चेहरा लालबुंद. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, डोकं शिरताना शिरलं, आता निघंना झालंय. घरात कात्री हाय का?"