मंडई रोज भरते

परिपाठात फोन उचलणाऱ्या शिक्षिकेकडे नसीमबाई अशा बघायच्या, की फोनच मुकाट बंद व्हावा. आणि मी त्यांच्याच जाण्याचा फोन परिपाठात उचलला. “खाला गेली हो...” त्यांची भाची म्हणाली. समोर पोरं प्रतिज्ञा म्हणत होती. बाईंनी आत्ता मला काय सुनावलं असतं, ते आठवून मी चक्क हसले. रडू नंतर आलं.

कसब्यातल्या आमच्या महापालिकेच्या शाळेत त्यांची चौथी, माझी तिसरी. वरून आलेला कागद म्हणजे माझ्यासाठी देववाणी. बाई मात्र पुस्तकातला बाजाराचा धडा आला, की पोरांची रांग करून थेट मंडईत. “अहो, पुस्तक राज्याचं हवंच,” त्या म्हणायच्या, “नाहीतर गल्लीगल्लीचा वेगळा इतिहास होईल. पण बाजार तरी आमचा आम्हाला शिकवू द्या की!”

एका वर्षी राज्याच्या चाचणीत प्रश्न आला: तुमच्या परिसरातील बाजार आठवड्यातून किती वेळा भरतो? उत्तरसूचीत उत्तर होतं, ‘एकदा’. बाईंच्या अख्ख्या वर्गानं लिहिलं, ‘रोज’. मी म्हटलं, “देऊन टाका गुण गुपचूप, कोण बघतंय?” तर उसळल्याच. “गुपचूप का म्हणून? पोरं काय खोटं बोललीत?” पूर्ण गुण दिले आणि प्रत्येक पेपरावर लाल शाईनं लिहिलं, ‘मंडई रोज भरते. खात्री करावी.’

खात्री करायला पर्यवेक्षक साहेब आले. बाईंनी त्यांना पोरांच्या रांगेत घेतलं आणि मंडईत नेलं. मेथीवाल्या मावशींनी साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं. “रोज येते हो मी, रविवारीसुद्धा. तुम्हीच आज पहिल्यांदा दिसताय.” साहेब ओशाळले. “मला दिसतंय हो बाई, पण सूची वरून आलीय.”

“वरून काय दिसणार साहेब?” नसीमबाई म्हणाल्या, “मंडईचं छप्पर!”

पोरं फिदीफिदी हसली, साहेबही हसले, मेथीची जुडी घेऊन गेले. आठवड्यानं मेमो आला तो आलाच. बाईंनी तो लग्नपत्रिकेसारखा सगळ्यांना दाखवला. पण पोरांचे गुण कापून पाठवावे लागले, ते मात्र त्यांच्या जिवाला लागलं. निवृत्तीनंतरही दर चाचणीला फोन यायचा, “सुजाता, सूची बदलली का गं?” मी दरवेळी “नाही बाई” म्हणायची... मलाच अपराध्यासारखं व्हायचं.

बाईंना जाऊन महिना झाला आणि यंदाची सूची आली. तोच प्रश्न, तेच ‘एकदा’, आणि खाली एक ओळ: परिसरानुसार वेगळे उत्तर असल्यास पूर्ण गुण द्यावेत. कुणी घातली, कशामुळे घातली, देव जाणे. मला इतका आनंद झाला, की मी ती भर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली, दोनदा वाचली, टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले. नवे शिक्षक माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना ती ओळ पहिल्यापासूनच तिथं असल्यासारखी वाटत होती.