फवारणीचे कपडे आणि हळदीचा कागद

माझी बायको नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कीटकनाशकांतली ऑरगॅनोफॉस्फरस विषं निकामी कशी करायची, हा तिच्या संशोधनाचा विषय. मी तिथल्याच द्वारका चौकाजवळ व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो, म्हणून तिने मला तो सोपा करून सांगितला होता. या विषाच्या रेणूतला फॉस्फरसचा अणू इलेक्ट्रॉनसाठी भुकेलेला असतो. ज्या कणाकडे देण्याजोगी इलेक्ट्रॉनची जोडी असते, तो त्याला जाऊन चिकटतो आणि तिथला एक तुकडा बाहेर ढकलतो. तुकडा सुटला की विषाची धार जाते. अशा कणांना न्यूक्लिओफाइल म्हणतात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते आयते मिळतात.

"किती वेळात शून्य होतं?" मी विचारलं होतं.

"शून्य कधीच नाही. ठरावीक वेळात निम्मं, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याचं निम्मं. तुमच्या घसाऱ्यासारखं."

हे मला लगेच कळलं. मशिनची किंमतही दरवर्षी अशीच उतरते, पण संपत नाही.

माझी धाकटी बहीण कळवणजवळच्या एका खेड्यात असते. त्यांचे टोमॅटो आहेत. गेल्या हंगामात तिचं डोकं सारखं दुखू लागलं, मळमळायचं, डोळ्यांपुढे अंधुक व्हायचं. रक्त तपासलं, तेव्हा या विषाने जे एन्झाइम बंद पडतं ते बरंच खाली आलेलं निघालं. ती तर फवारणीच्या वेळी शेतात पाऊलही टाकत नव्हती. विष कुठून येतंय ते सापडेपर्यंत घर सोडून माहेरी राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"दोन म्हशी आणि सासूबाईंचं पथ्यपाणी टाकून मी हंगामभर तुझ्याकडे बसू का, दादा?" ती म्हणाली. ती काही ऐकेना.

रविवारी आम्ही दोघं तिकडे गेलो. बायकोने शेताची चौकशीच केली नाही. "ताई, फवारणीचे कपडे कोण धुतं?"

"मीच. दुसरं कोण येतंय?"

उघड्या हातांनी, घरातल्या सगळ्या कपड्यांसोबत, एकाच टबात.

बायकोने वेगळा टब आणि हातमोजे आणवले. कपडे आधी सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे, टब झाकायचा, मग साबण लावायचा, आणि ते पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात ओतायचं. सोडा पुरेसा पडलाय की नाही हे कळायला तिने कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. पट्टी लाल झाली नाही तर सोडा वाढवायचा.

मेहुणे ओट्यावर बसून बघत होते. "वहिनी, लग्नात एकदा हळद लागली मला. आता शर्टालाबी लावता का?"

"शर्टाचं नंतर बघू, भाऊजी. तुम्ही आजच धुवायला शिका."

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा बहीण म्हणाली, कपड्यांचा वास गेला. मला ते पुरेसं वाटलं. बायकोला नाही. वास बराचसा औषधातल्या तेलाचा असतो, विष त्याच्यामागे राहू शकतं, असं म्हणून तिने धुतलेल्या कपड्यांचे तुकडे कापून घेतले. जाताना स्वयंपाकघराच्या दारामागे लटकलेला टॉवेल तिला दिसला.

"हा कसला?"

"फवारताना तोंडाला बांधतो तो," मेहुणे म्हणाले. "तो कुठं घाण होतो? उन्हात टाकला की झालं."

बहीण त्याच टॉवेलला हात पुसत होती. पोळ्या लाटतानासुद्धा. बायकोने त्याचाही तुकडा कापून घेतला.

कॉलेजच्या यंत्रावर शर्ट जवळपास स्वच्छ निघाला. टॉवेलवर भरपूर विष सापडलं. आणखी एक गोष्ट निघाली, ती बायकोने लपवली नाही. मेहुणे दोन औषधं वापरायचे. त्यांतलं एक सोड्यात झटपट मोडायचं, दुसरं फार सावकाश; शर्टावर जे थोडं उरलं होतं ते तेच. तिने मेहुण्यांना फोन करून सांगितलं, "माझा उपाय दुसऱ्या औषधाला पुरत नाही. ते मारलं की ते कपडे ताईंच्या हाताला लागताच कामा नयेत." स्वतःच्या उपायाची उणीव इतक्या सरळ सांगणारी माणसं मी हिशेबाच्या धंद्यात फार पाहिलेली नाहीत.

मेहुणे म्हणाले, "ते औषध बंद करतो. अन् कपडे मीच धुईन. तिला कशाला लांब धाडायचं?"

टॉवेल त्यांनी स्वतः खड्ड्यात पुरला. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. एन्झाइम वर येऊ लागलं होतं. घरीच राहा, पण तपासणी चुकवू नका, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी पट्ट्यांचं नवं पाकीट घेऊन आम्ही गेलो, तेव्हा मेहुणे गोठ्यापलीकडे हातमोजे घालून टबाशी बसले होते. बहीण दारातूनच ओरडली, "कागद लाल झाला का?"

"नाय अजून."

"मग टाका की सोडा."

"टाकतोय ना. लय घाई हाय तुला," ते म्हणाले, आणि पुढची पट्टी बुडवली. बहीण म्हशींकडे वळली.