ओठ विलग झालेली बाई

टांकसाळीत सगळे तिला भिंगवालीच म्हणत. डोळ्याला भिंग लावून नाण्यांचे ठसे कोरता कोरता तिचे केस पिकले होते. आई तिच्या बाळंतपणातच गेली, मावशीनं वाढवलं. आईचा फोटो एकही नव्हता, आणि तो विषय निघाला की मावशी उठून कामाला लागायची.

देशाच्या चलनाचा इतिहास सांगणारी स्मारक नाणी काढायचं ठरलं. सगळ्यात जुन्या नाण्यावर कणसांची पेंढी धरलेली एक बाई होती. पण उरल्यासुरल्या नाण्यांवर तिचा चेहरा झिजून पार सपाट झालेला. साहेब म्हणाले, कुठलाही चेहरा द्या, शांत दिसला म्हणजे झालं.

तिनं आधी प्लास्टरमध्ये मिटल्या ओठांचा चेहरा घडवला. सकाळी येऊन पाहते तर ओठ किंचित विलग. ओल धरली असेल म्हणून तिनं ते बुजवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खोलीची किल्ली तिच्याच कमरेला, मग नाव कुणाचं घ्यायचं? शेवटी कंटाळून, आणि खरं तर घाबरून, तिनं ते तोंड तसंच राहू दिलं. साहेबांना ते आवडलं. बाई गातेय असं वाटतं, म्हणाले.

नाणी विक्रीला आली तेव्हा तिनं एक विकत आणून मावशीच्या हातावर ठेवलं. मावशीनं ते खिडकीशी धरलं आणि डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिलं.

"हा चेहरा तुला कुणी दाखवला?"

"कुणी नाही. मनानंच केला."

"तुझी आई आहे ही." मावशीनं नाण्यावरच्या ओठांवर बोट टेकवलं. "तुझं नाव सांगायला तोंड उघडलं तिनं, आणि श्वासच संपला. कुठलं नाव ते कळलंच नाही गं. मग आम्हीच एक ठेवलं."

दुसऱ्या दिवशी नाणी पाडणाऱ्या यंत्रावरच्या मिस्त्रीनं तिला बोलावून घेतलं. सकाळपासून पडणाऱ्या नाण्यांवर बाईचं तोंड मिटलेलं होतं. ठसा झिजला असणार, असं त्याचं म्हणणं. तिनं भिंगातून पाहिलं. ठसा नव्यासारखा होता, ओठ मात्र एकमेकांना टेकलेले.

यंत्रांच्या खडखडाटात तिला मागून कुणीतरी हाक मारली. नाव तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. तरी ती "ओ" देऊन मोकळी झाली.

मिस्त्रीनं वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

ते नाव तिनं मावशीलाही सांगितलं नाही. पण हल्ली तिला भिंगवाली म्हणून हाक मारली, की वळायला तिला जरा वेळच लागतो.