पैलवानाच्या नाकावरचा फेस

आधीच सांगून टाकते – मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि चौकात उतरवून टाकलेलं लिंबू बिनधास्त ओलांडून जाते. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेताचा विषय काढला की पहिली मीच फिस्सकन हसते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण हे ज्यांना जाऊन सांगितलं असतं ते आबा आता नाहीत... म्हणून तुम्हाला सांगते.

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत आमचं घर. तिथून गंगावेशीतला दूध कट्टा अगदी जवळ. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते – संध्याकाळी तिथे म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, आणि ते कोमट, फेसाळ दूध लोक उभ्या उभ्याच पितात. माझे वडील, म्हणजे आबा, रिटायर झाल्यापासून रोज जायचे. बरोबर पैलवान.

पैलवान हा आमचा कुत्रा. गावठी, पिवळट, बरगड्या दिसणारा. असल्या हाडकुळ्या पिल्लाला पैलवान म्हणायची कल्पना आबांचीच. दूध पिऊन झालं की पेल्याच्या तळाचा फेस ते बोटावर घ्यायचे आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर टेकवायचे. "घे पैलवान, तुझा खुराक!" मग हा डोळे तिरळे करून जिभेने नाक गाठायचा, आणि कट्ट्यावरचे लोक पोट धरून हसायचे.

दोन वर्षांपूर्वी आबा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. आम्हाला सगळ्यांनी सांगितलं, समजावलं. पैलवानाला कोण सांगणार? तो रोज धारेच्या वेळेला गेटपाशी जाऊन उभा राहायचा आणि अंधार पडला की व्हरांड्यातल्या आबांच्या खुर्चीखाली येऊन झोपायचा. ती खुर्ची आईने कुणाला हलवू दिली नाही.

मागच्या वर्षी त्याचं वय दिसायला लागलं. पेठेतल्या टीमने फुटबॉलची मॅच मारली आणि गल्लीत फटाक्यांची माळ लागली, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. फटाका म्हटलं की कॉटखाली घुसणारा हा प्राणी, गाढ झोपलेला. आई म्हणाली, "शाना झालाय बघ म्हातारपणी." मी त्याच्या मागे उभं राहून ताट आपटलं. कान हलला नाही. मग एकेक दिसत गेलं. डोळ्यांत निळसर साय. दाराच्या चौकटीला धडकणं. पाणी तर इतकं प्यायचा की भांडं सारखं भरावं लागायचं. उठताना मागचे पाय फरशीवर सरकायचे, म्हणून मी सगळीकडे पोती अंथरली. घर गोडाऊनसारखं दिसायला लागलं.

डॉक्टरांनी तपासलं. कान गेलेत, मोतीबिंदू आहे, किडन्या थकल्यात. दूध बंद. "आणि हो, म्हातारी कुत्री भ्रमिष्ट पण होतात," ते म्हणाले. "भिंतीकडं बघत बसतील, कुणी नसताना शेपूट हलवतील. घाबरू नका."

हे ऐकून मला बरंच वाटलं. कारण तो तेच करत होता! धारेच्या वेळेला गेटकडे तोंड करून शेपूट हलवायचा, मग रिकाम्या खुर्चीपाशी येऊन मान वर करायचा – कुणीतरी कानामागे खाजवत असल्यासारखी. आई दारात उभी राहून बघत राहायची.

"त्येला दिसत्यात," एकदा ती म्हणाली.

"आई, त्याला समोरचं दार दिसत नाही."

"म्हणून तर म्हणतो मी." (आमच्याकडच्या बायका 'म्हणतो'च म्हणतात.) "आपल्याला दार दिसतंय, भिंत दिसती... त्येनी कुठं दिसत्यात?"

खरं सांगू? त्या मुक्या जिवाचा मला हेवा वाटायचा. भ्रम तर भ्रम... मला का होत नाही?

मग डिसेंबरातली ती संध्याकाळ. पैलवानाने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं, उठणं तर बंदच होतं. आई आणि मी आत पोहे निवडत होतो. मी त्याला पाणी द्यायला बाहेर आले तर हा खुर्चीशेजारी चक्क बसलेला. मान ताठ. आणि तोंडावर पांढरा फेस.

विष? झटका? टॉवेल घेतला, डॉक्टरांना फोन लावला.

"जबड्यातनं गळतोय का फेस?" त्यांनी विचारलं.

मी नीट बघितलं. जबडा कोरडा होता. ओठ कोरडे. फेस होता फक्त नाकाच्या शेंड्यावर. बोटाच्या पेराएवढा, गोल. तो चाटतही नव्हता. जपून बसला होता.

फोन तसाच चालू राहिला. मी बोट लावलं. कोमट होतं. वास म्हशीच्या कच्च्या दुधाचा... आमच्याकडे आबा गेल्यापासून पिशवीचं दूध येतं, आणि तेही आत फ्रीजमध्ये होतं. गेटला आतून कडी.

मी तशीच चपला अडकवून कट्ट्यावर पळाले. कुणीतरी गंमत केली असेल, आबांच्या ओळखीचं कुणी... आबांना रोज पेला भरून देणारे मामा म्हशीपुढे वैरण टाकत होते.

"मामा, आमच्या घरी कुणी दूध घेऊन आलं होतं का आत्ता?"

"दूध? अजून धारच काढली न्हाय की ताई. म्हशी आत्ता आल्यात, उशीर झालाय आज." मग जरा थांबून म्हणाले, "लई दिसानं आलासा. आबा गेल्यापासनं कोण फिरकलंच न्हाय तुमच्यातलं."

परत आले तर आई जमिनीवर बसली होती, पैलवानाचं डोकं मांडीवर. नाक पुसलेलं नव्हतं. माझ्या बोटाला अजून थोडं होतं. वयाने मोठी, शिकलेली बाई मी... ते बोट मी चाटलं. आणि रडले. दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतले होते त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

आई रडली नाही. ती खुर्चीकडे बघून भांडणाच्या आवाजात म्हणाली, "कुत्र्याला आणलं व्हय? आन मला?"

पैलवान त्याच आठवड्यात गेला, झोपेत, खुर्चीखाली. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, लाळेचा फेस असेल, तुमचा गोंधळ झाला असेल. असेलही. मुलांनी मला असलं उत्तर लिहून दिलं तर मी मार्क देणार नाही, पण दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

आता धारेच्या वेळेला आई तिथे जाऊन बसते. खुर्चीवर नाही, शेजारी, पैलवानाच्या पोत्यावर. हल्ली तिलाही कमी ऐकू येतं, हाक दोनदा मारावी लागते. मी दारात उभी राहून तिच्या वरच्या ओठाकडे बघते. तिथे काही दिसावं असं वाटतं, आणि कधीच दिसू नये असंही वाटतं.

काल तिने मला बघताना पकडलं. पदराने ओठ पुसला, पदर डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला.

"न्हाय अजून," ती म्हणाली.