पानाच्या तळाशी

"थांब, आधी खाली जा." कुणी विद्यार्थी मोबाईलवर काही दाखवायला आला, की आमच्या ग्रंथपाल मॅडम एवढंच म्हणायच्या आणि स्वतःच्या अंगठ्यानं पान सरसर ढकलत तळाशी पोचायच्या. मजकूर कितीही झकास असो, त्यांना आधी लिहिणारा पाहिजे असायचा. चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "हे कोण सांगायलंय?"

पूर्णेच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो. ग्रंथालयाला लागून एक खोली आहे. इंटरनेटवर माहिती कशी शोधायची आणि तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे मॅडम तिथं दर शनिवारी शिकवायच्या. हा तास वेळापत्रकात नव्हता आणि त्याला गुणही नव्हते. तरी ताडकळस, पालमची पोरं एसटी चुकायच्या धास्तीनं दप्तर मांडीवर घेऊन का होईना, बसायची. उगाच अंगावर काम ओढवून घेणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाकीचे आम्ही त्यांच्याकडे बघून चहा पितो.

एकदा मी पूर्णा नदीवर प्रकल्प दिला. अर्ध्या वर्गानं गोदावरीला मिळणारी आमची नदी थेट तापीला नेऊन मिळवली. विदर्भातल्या पूर्णेची माहिती पोरांनी डोळे झाकून उतरवली होती. मी जाम भडकलो. मॅडमनी मात्र सगळ्यांना पुलावर पाठवलं. "पाणी कुणीकडं जायलंय ते बघून या. मग तुमचं पान कोणत्या नदीचं हाय ते मला सांगा." पान म्हणत होतं पश्चिमेला, आणि पाणी चाललं होतं उलटं. पोरं खाली माना घालून, पण हसत परत आली.

दोन वेबसाईटांवर तेच आहे, म्हणजे खरंच असणार, असं कुणी म्हटलं की मॅडम दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायला लावायच्या. वाक्यं तीच निघायची. "हे दोघं न्हाईत बाळा, एकच माणूस सदरा बदलून आलाय," असं त्या म्हणायच्या.

पुढं मॅडमच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. मॅडम 'बघू' म्हणत राहिल्या. आधी दिवाळी होऊ दे, मग परीक्षा होऊ देत. घरी त्या एकट्याच, त्यामुळे दटावणारं कुणी नव्हतं. आम्ही विचारलं की विषय बदलायच्या.

ताडकळसची शीतल शनिवारचा तास कधी चुकवायची नाही. एका दुपारी मॅडमनी आपला मोबाईल तिच्या हातात दिला आणि एक पावडर मागवायची आहे, तेवढा पत्ता टाक म्हणाल्या. मी समोरच पेपर चाळत बसलो होतो. कसल्याशा पाल्याच्या पावडरनं पोटातली गाठ विरघळते, चिरफाड लागत नाही, असं त्या पानावर लिहिलेलं होतं.

शीतलनं पत्ता टाकला नाही. ती पानाच्या तळाशी गेली, मग बराच वेळ आणखी काहीबाही शोधत राहिली. शेवटी चाचरत म्हणाली, "मॅडम, खाली कुणाचं नाव न्हाई. निस्ता फोन नंबर हाय. आन् ह्या फोटोतली बरी झालेली बाई दुसऱ्या एका पानावर केसाच्या तेलाच्या जाहिरातीत हाय. तिथं नाव येगळंच हाय."

मला वाटलं, मॅडम आता रागावणार. त्यांनी मोबाईल घेऊन तो फोटो पाहिला. "मी खाली गेलेच न्हाई गं," त्या म्हणाल्या. शीतलला रडू फुटलं, तेव्हा त्यांनीच उठून तिला पाणी दिलं. त्याच आठवड्यात शीतलनं आणि मी त्यांना नांदेडच्या गाडीत बसवून दिलं.

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. त्या परत आल्या, एक सत्रभर कामावर होत्या. आता त्या नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, आणि शनिवारी जास्तच.

त्यांचा शेवटचा तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला. खोलीत नवी पोरं होती आणि कोपऱ्यात शीतल. मॅडमनी भिंतीवर त्याच पावडरचं पान दाखवलं. पोरं लगेच तुटून पडली. लिहिणारा कोण ते नाही, दवाखान्याचा पत्ता नाही, फोटो उचललेला. खोलीत हशा पिकला. "असल्याला कोण येडं फसत असंल," एकजण म्हणाला.

"मी फसले," मॅडम म्हणाल्या.

त्या पोराला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच विचारलं, "पण मॅडम, तुमाला तर हे सगळं कळतंय. मग कसं काय?"

"कळत होतं की," मॅडम नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाल्या. "पण ते खरं असायला पाहिजे होतं मला. लय जगायचं होतं गं."