फादरच्या अंगणातलं स्टूल

फादर गाडीला हात लावायच्या आधी माणसाला स्टुलावर बसवायचे. गाडी कितीही ठसके देत, थरथरत आलेली असो, ते तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. हात पुसत यायचे, लोखंडी स्टूल पायाने पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, “इंजिन बंद कर. आता तोंड चालू कर.” मग गाडीवाल्याने सगळं सांगायचं. पेट्रोल कुठे भरलं, शेवटचा हात कोणाचा लागला, आणि मुख्य म्हणजे स्वतः काय उद्योग केला. एखादा रिक्षावाला म्हणायचा, “मी काहीच नाही केलं, आपोआप बिघडली.” फादर मान हलवायचे. “बरं. मग आपोआप नीट होईल. बस.” पाच मिनिटं तो बसून राहायचा आणि मग हळूच कबूल करायचा, की एक स्क्रू जरासा फिरवला होता.

ते चर्चमधले फादर नव्हते. वाकोल्याच्या जुन्या गावठाणात, स्वतःच्या घराच्या अंगणात गॅरेज चालवणारे आणि रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसणारे मेकॅनिक होते. चर्चमधल्यासारखी कबुली घेणाऱ्या त्या स्टुलामुळे सगळे ड्रायव्हर त्यांना फादर म्हणू लागले. त्यांना ते आवडायचं की नाही, कोण जाणे. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “खऱ्या फादरला पगार आहे गो. मला ग्रीस आहे.”

माझे पप्पा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अशा माणसाबद्दल कसं लिहायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. जे आठवतं ते आठवेल तसं लिहिते आहे.

मी बारावीत असताना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची व्हॅन बिघडली. रस्त्यावर पळताना बरी वाटायची, पण सिग्नलला उभी राहिली की सगळी हलायची. काचा वाजायच्या, पाठीमागची मुलं मुद्दाम “अ-अ-अ” असा आवाज काढून हसायची, आणि मध्येच इंजिन बंद पडायचं. शाळेच्या गेटवर दोनदा बंद पडली, तेव्हा तिथल्या मॅडमनी सांगितलं, की पुन्हा असं झालं तर पालकांना दुसरी व्हॅन बघायला सांगावं लागेल.

पप्पांना कारण माहीत होतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी सुरेशकाकांनी आमच्या व्हॅनचे प्लग बदलून ट्यूनिंग केलं होतं. सुरेशकाका म्हणजे पप्पांचे गावापासूनचे मित्र. तेही व्हॅनच चालवतात. एकाला ताप आला तर दुसरा दोघांची मुलं शाळेत पोहोचवायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. पप्पांनी व्हॅनच्या स्टँडवर, सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं. “हात लावता येत नाही तर लावतोस कशाला? माझ्या धंद्याची वाट लावलीस.” सुरेशकाका एवढंच म्हणाले, “दत्ता, मी नीट केलं होतं रे.” आणि गाडी घेऊन निघून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

ते खरं बोलत होते. मला माहीत होतं, कारण गाडी मी बिघडवली होती.

दसऱ्याला सकाळी पप्पा झेंडूची फुलं आणायला गेले होते. पूजेच्या आधी गाडी चकचकीत करून त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा, असं माझ्या मनात आलं. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. मी सीट उचलली, आत साबणाची पावडर टाकली आणि नळाला पाइप लावून सगळं इंजिन धुऊन काढलं. पप्पा परत आले तेव्हा इतके खूश झाले, की शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी दाखवलं, “बघा, आमची इंजिनियर!” मी काय काय धुतलं, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, बाहेरून पुसली असेल. त्यांनीच सीट उचलून इंजिनावर हळद-कुंकू वाहिलं, हार घातला. इंजिन ओलं होतं, पण दसऱ्याला गाडी ओली असायचीच.

शेवटी कोणीतरी फादरचं नाव सांगितलं. मीही पप्पांबरोबर गेले. फादरनी पप्पांना स्टुलावर बसवलं, सुरेशकाकांची सगळी कहाणी ऐकली, आणि मग सीट उचलून इंजिनाच्या झाकणावर पाण्याचा अर्धा भरलेला ग्लास ठेवला. “माझे कान आता म्हातारे झाले,” ते मला म्हणाले. “पाणी बघ. काय दिसतं?” मी बघितलं. पाण्यावर दोन वलयं यायची आणि मग एक झोल. दोन वलयं, एक झोल. “तीन सिलिंडर,” ते म्हणाले. “दोघं कामावर, एक दांडी मारतोय. आता तो कोण, ते बघू.”

त्यांनी जाड रबरी हातमोजा घातला आणि इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढून परत लावली. पहिली काढली, इंजिन आणखी खचलं. दुसरी काढली, काहीच फरक पडला नाही. “हा आपला आळशी.” पप्पा म्हणाले, “मग प्लग, वायर सगळंच बदला ना.” फादर म्हणाले, “सगळं एकदम बदललं, तर नक्की काय बिघडलं होतं ते आपल्याला कधी कळणार? एका वेळी एकच.” दुसऱ्या सिलिंडरचा प्लग त्यांनी तिसऱ्यात घातला. दांडी दुसऱ्याचीच राहिली. मग वायर अदलाबदल केली, तरी तेच. दर वेळी काय केलं, ते भिंतीवर खडूने लिहायचे.

मग त्यांनी एक जुनी काळी चादर आणली, भर दुपारी ती उघड्या इंजिनावर आणि स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली आणि आतल्या अंधारात बघत राहिले. बाहेर आले ते हसतच. “ये, तूही बघ.” मी चादरीखाली डोकं घातलं. जिथून तिन्ही वायरींना करंट वाटला जातो, त्या काळ्या टोपीवर एक निळी बारीक ठिणगी भलतीकडेच पळत होती. फादरनी टोपी काढली. आत केसाएवढी काळी रेघ उमटली होती आणि कडेला साबणाचे वाळलेले पांढरे डाग होते.

“आत पाणी गेलंय,” ते म्हणाले.

“सुरेशने टोपी सैल ठेवली असणार,” पप्पा म्हणाले.

“सुरेशचं नाव मी घेतलं नाही.” फादरनी माझ्याकडे बघितलं. “तू बस गो जरा.”

मी स्टुलावर बसले.

“काही सांगायचंय?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नवीन टोपी बसवली, ग्लास परत ठेवला. पाणी शांत होतं.

महिन्याभराने मी एकटीच गेले, फिजिक्समधलं काहीतरी विचारायचं निमित्त करून, आणि सगळं सांगून टाकलं. फादर म्हणाले, “त्या दिवशीच कळलं होतं. आत पांढरा साबण, वायरीखाली झेंडूची पाकळी. सुरेश काय हार घालून ट्यूनिंग करतो?” मला हसू आलं आणि रडूही. मी म्हणाले, तुम्हीच पप्पांना सांगा. त्यांनी मान हलवली. “मी सांगितलं तर ती चुगली. तू सांगितलंस तर ते सांगणं.”

मी सांगितलं नाही. पप्पा चारचौघांत जे बोलले होते, त्याबद्दल त्यांना मान खाली घालावी लागली असती आणि ती माझ्यामुळे. शिवाय त्यांची ‘इंजिनियर’ मीच. मला वाटायचं, दोघांचं आपोआप नीट होईल.

इंजिनियरिंगला गेल्यावर मी दर पंधरा दिवसांनी वाकोल्याला जाऊ लागले. वर्गात सगळी मुलं भराभर इंग्रजीत बोलायची आणि मला समजलं नाही तरी मी मान डोलवायची. फादरच्या अंगणात तसं करावं लागत नसे. मी पुस्तकातला धडा मराठीत सांगायची आणि सातवी शिकलेले फादर कार्बोरेटर पुसत ऐकायचे. “पुस्तकात पण हेच लिहिलंय? बरं झालं. म्हणजे पुस्तक बरोबर आहे.” मी निघाले की मात्र न चुकता एकच विचारायचे, “बोललीस?” मी म्हणायची, “नाही.” ते म्हणायचे, “बरं. पाणी पिऊन जा.” त्यात राग नसायचा. कधी कधी वाटतं, त्यांनी रागवायला हवं होतं, नाहीतर स्वतःच पप्पांना सांगून टाकायला हवं होतं. त्यांच्या त्या हट्टापायी दोन वर्षं गेली. पण हे बोलणारी मी कोण?

मधे पप्पांना डेंग्यू झाला. व्हॅन आठ दिवस उभी राहिली आणि चार मुलांच्या आईबापांनी दुसरी गाडी लावली. त्या आठवड्यात मी खिडकीतून बघितलं, सुरेशकाकांची व्हॅन आमच्या गल्लीच्या तोंडाशी हळू झाली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. पप्पा आत झोपले होते. मी तेव्हाही गप्प बसले.

या वर्षी फेब्रुवारीत पप्पांच्या फोनवर, ड्रायव्हरांच्या ग्रुपमध्ये फोटो आला. कोट घातलेले फादर, खाली त्यांचं खरं नाव. मी ते नाव दोनदा वाचलं, पुन्हा फोटो बघितला, तेव्हा कुठे कोण गेलं ते कळलं. झोपेतच गेले होते.

दुपारी चर्चच्या आवारात रिक्षावाले, टॅक्सीवाले, व्हॅनवाले सगळे युनिफॉर्मवर आले होते. पप्पा झाडाखाली उभे होते. सुरेशकाका समोरच्या भिंतीपाशी. दोघांनी एकमेकांना बघितलं होतं आणि दोघंही आपापल्या चपलांकडे बघत होते. आतून प्रार्थनेचा आवाज येत होता. मी पप्पांजवळ गेले.

“पप्पा, व्हॅनमध्ये पाणी मी घातलं होतं. दसऱ्याला. सीट उचलून, पाइपने.”

त्यांना आधी कळलंच नाही. “कुठल्या दसऱ्याला?”

“त्याच.”

त्यांनी भिंतीपाशी उभ्या सुरेशकाकांकडे बघितलं. मग म्हणाले, “फादरना ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि मी स्टँडवर...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. रुमालाने तोंड पुसलं आणि आवार ओलांडून सरळ चालत गेले. मीही मागोमाग.

“काय रे दत्ता?” सुरेशकाका म्हणाले.

“पोरीने धुतली होती गाडी. आतून.” पप्पांचा आवाज फुटत होता. “तू नीटच केलं होतंस.”

सुरेशकाकांनी माझ्याकडे बघितलं. “पाइप मारलास? इंजिनवर?” त्यांचे डोळे भरले होते. “आणि तुला इंजिनियरिंगला घेतलं कोणी गं?”

पप्पा हसले, मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

माती देऊन झाल्यावर काका आपली गाडी तिथेच ठेवून आमच्याच व्हॅनमधून निघाले. वाकोल्याच्या सिग्नलला गाडी थांबली. पुढे दोघं, मागे मी. काका थोडा वेळ कान देऊन बसले आणि म्हणाले, “उभी असताना झकास चालते रे.”

“फादरनी केलंय,” पप्पा म्हणाले.

मागच्या काचेतून गावठाणाकडे जाणारी गल्ली दिसत होती. उतरावं, पळत जावं आणि फादरना एवढंच सांगून यावं, की बोलले मी, असं मला इतकं वाटलं, की माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि पप्पांनी गिअर टाकला.